विजेवरचे खत

पिकाला लागणाऱ्या तीन मुख्य अन्नद्रव्यांपैकी स्फुरद आणि पालाश यांच्यासाठी जमीन खणावी लागते, नत्र मात्र प्रत्येक शेताच्या माथ्यावर अमर्याद साठलेले असते, कारण कोरड्या हवेच्या दर १०० भागांपैकी ७८ भाग नायट्रोजन वायूचेच असतात. हा साठा पिकाच्या कामी थेट येत नाही, याचे कारण नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि तो बंध तोडण्याची शक्ती कोणत्याही वनस्पतीच्या मुळांत नसते. ती शक्ती काही जिवाणूंत असते, त्यातले रायझोबियम हे जिवाणू हरभरा, तूर, भुईमूग अशा द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहतात. थोडेफार काम आकाशातील वीजही करते. उरलेले काम कारखाना करतो, आणि कारखान्यात ते बहुतेक सर्व अमोनिया या एकाच वायूमार्फत होते. युरिया, डीएपी, अमोनियम सल्फेट, नायट्रो-फॉस्फेट यांपैकी कोणत्याही गोणीतील नत्राचा माग काढला, तर तो अमोनियापाशी येऊन पोचतो.

अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू असतात. नायट्रोजन हवेतून वेगळा करणे हे तुलनेने स्वस्त आणि जुने तंत्र आहे; महाग पडतो तो हायड्रोजन, कारण निसर्गात तो मोकळा सापडणे दुर्मीळ, तो पाण्यातून किंवा नैसर्गिक वायू, कोळसा अशा इंधनांतून सोडवून घ्यावा लागतो. त्यामुळे खताच्या कारखान्यातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हा प्रश्न प्रत्यक्षात हायड्रोजन कोठून आणला या प्रश्नाशी येऊन थांबतो. इंधनातून आणला, तर इंधनातील कार्बन मागे उरतो आणि वातावरणात जातो. पाण्यात वीज सोडून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन भाग केले, म्हणजे विद्युत अपघटन केले, तर मागे फक्त ऑक्सिजन उरतो. ती वीज पाणी, वारा किंवा ऊन यांपासून आलेली असेल, तर अशा अमोनियाला आज ‘हरित अमोनिया’ म्हणतात. नाव नवे आहे. काम शंभर वर्षे जुने आहे, आणि ते मध्येच का सोडून दिले गेले हे समजल्याशिवाय आजच्या घोषणांचे वजन नीट जोखता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील शेती चिली देशाच्या वाळवंटातून जहाजांनी येणाऱ्या सोऱ्यावर, म्हणजे सोडियम नायट्रेटवर, विसंबून होती. हा साठा संपला की गव्हाची टंचाई अटळ आहे, असा इशारा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम क्रूक्स यांनी १८९८मध्ये दिला आणि हवेतील नत्र पकडण्याची शर्यत सुरू झाली. त्या शर्यतीतील पहिले व्यापारी यश नॉर्वेला मिळाले. ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्कलँड आणि धबधबे विकत घेऊन ठेवलेले अभियंते-उद्योजक साम आयडे यांची गाठ १९०३मध्ये पडली. विद्युतचुंबकाच्या साहाय्याने विजेची ठिणगी पसरट तबकडीसारखी फुलवायची, सुमारे तीन हजार अंश सेल्सियस तापमानाच्या त्या ज्योतीतून हवा फुंकायची, तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड झटपट थंड करून त्याचे नायट्रिक आम्ल बनवायचे आणि ते चुनखडीवर सोडून कॅल्शियम नायट्रेट मिळवायचे, अशी ही पद्धत होती. आकाशातील विजेचे काम भट्टीत कोंडून घेण्याचाच तो प्रकार होता. १९०५मध्ये नोटोडेन येथे कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. ‘नॉर्वेचा सोरा’ म्हणून विकले गेलेले ते कॅल्शियम नायट्रेट आज नाशिकच्या द्राक्षबागांत ठिबकमधून सोडले जाणारे विद्राव्य खत म्हणून मराठी शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचे आहे.

नोटोडेनच्या वरच्या अंगाला र्‍युकान नावाच्या अरुंद दरीत कंपनीने गावच वसवले. डोंगर इतके उंच की वर्षातील सुमारे सहा महिने गावात ऊन उतरत नाही. २०१३मध्ये तेथे डोंगरमाथ्यावर आरसे बसवून चौकात सूर्यप्रकाश पाडण्याची सोय करावी लागली. ऊन नसले तरी पाणी भरपूर होते. १९११मध्ये येथे सुरू झालेले वेमोर्क जलविद्युत केंद्र १०८ मेगावॉट क्षमतेचे होते आणि त्या वेळी ते जगातील सर्वांत मोठे मानले जाई. एवढी वीज खत बनवण्यासाठीच खर्च होत होती, यावरून बिर्कलँड-आयडे भट्टीची भूक किती होती हे कळते, आणि तिच्या अंताचे कारणही तेच ठरले.

जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९मध्ये वेगळी वाट दाखवली होती. नायट्रोजन आणि हायड्रोजन हे दोन वायू प्रचंड दाबाखाली, चारशे-पाचशे अंश तापमानात एखाद्या उत्प्रेरकावरून, म्हणजे स्वतः खर्च न होता रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावरून, नेले की त्यांचा थेट अमोनिया होतो. प्रयोगशाळेतील हे टेबलाएवढे यंत्र कारखान्याच्या मापाचे करण्याचे अवघड काम बीएएसएफ कंपनीतील कार्ल बॉश यांनी केले, स्वस्त लोखंडी उत्प्रेरक आल्विन मिटाश यांच्या हजारो चाचण्यांतून सापडला आणि १९१३मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. ही हाबर-बॉश प्रक्रिया ठिणगीच्या भट्टीपेक्षा कितीतरी कमी ऊर्जेत तेवढेच नत्र देत असल्याने नॉर्स्क हायड्रोने १९२०च्या दशकाअखेरीस हाबर-बॉश स्वीकारली आणि आपल्या भट्ट्या हळूहळू मोडीत काढल्या. मात्र जर्मनीत हायड्रोजन कोळशापासून घेत असत, तर र्‍युकानला कोळसा नव्हता, पण वेमोर्कची वीज होती. म्हणून तेथे पाण्याचे विद्युत अपघटन करून हायड्रोजन घेतला जाऊ लागला. आज ज्याला हरित अमोनिया म्हणतात तो त्याच्या संपूर्ण अर्थाने १९२९च्या सुमारास औद्योगिक प्रमाणावर तयार होत होता. अपघटनात साधे पाणी आधी तुटते आणि जड हायड्रोजन असलेले पाणी मागे साचत जाते; त्यामुळे खताच्या या कारखान्यात जड पाणी हे जोडउत्पादन मिळू लागले, आणि जर्मनीच्या अणुसंशोधनाला ते मिळू नये म्हणून फेब्रुवारी १९४३मध्ये नॉर्वेच्या कमांडोंनी वेमोर्कवर घातपाती हल्ला केला. लोकांना वेमोर्क आठवते ते या हल्ल्यामुळे. खताचा इतिहास त्यामागे झाकला गेला.

भारताने हीच वाट स्वातंत्र्यानंतर धरली होती, ही गोष्ट हरित हायड्रोजनवरील चर्चेत क्वचितच निघते. भाक्रा-नांगल प्रकल्पातून वीज मिळणार हे ठरल्यावर पंजाबमध्ये नांगल येथे खत कारखाना उभारला गेला आणि १९६१मध्ये तो सुरू झाला. त्यात हायड्रोजन सतलजच्या पाण्याचे विद्युत अपघटन करून घेतला जाई आणि कॅल्शियम अमोनियम नायट्रेट हे खत बने. वेमोर्कप्रमाणेच येथेही अपघटनातून जड पाण्याचा लाभ झाला: १९६२मध्ये नांगलला भारताचा पहिला जड पाणी प्रकल्प सुरू झाला. इजिप्तमध्ये अस्वान, पेरूमध्ये काचिमायो, झिंबाब्वेमध्ये क्वेक्वे येथेही जलविद्युतेवर असेच कारखाने चालले. म्हणजे तंत्र अपयशी ठरले नव्हते. नांगलला झाले ते असे की हरितक्रांतीबरोबर पंजाब-हरियाणातील कूपनलिकांना, गावांना आणि उद्योगांना विजेची मागणी वाढत गेली. जी वीज सुरुवातीला गिऱ्हाईक शोधत होती तिच्यावर अनेकांचे हक्क आले, कारखान्याचा विद्युत अपघटनाचा भाग मागे पडला आणि १९७०च्या दशकाअखेरीस विस्तार झाला तो इंधन तेलावर. पुढच्या दशकात मुंबई हायच्या वायूमुळे अलिबागजवळील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा वायू-आधारित कारखाना उभा राहिला. स्वस्त वायू मिळत असताना धरणाची मौल्यवान वीज पाण्यात सोडणे हा कोणत्याही हिशेबनिसाला वेडेपणाच वाटला असता, आणि त्या वेळचा हिशेब पाहता तो चूकही नव्हता.

तो हिशेब समजून घ्यायला दोन आकडे पुरेसे आहेत. चांगल्या आधुनिक वायू-आधारित कारखान्यात एक टन अमोनियासाठी साधारण २८ ते ३० गिगाज्यूल ऊर्जा खर्च होते, तर विद्युत अपघटनाच्या मार्गाने सुमारे १० हजार युनिट वीज, म्हणजे ३६ गिगाज्यूल लागते. ऊर्जेच्या मापात दोन्ही वाटा फारशा दूर नाहीत. दूर असतो तो त्या ऊर्जेचा भाव. वायूच्या वाटेवर नैसर्गिक वायूतील मिथेन आणि पाण्याची वाफ उच्च तापमानात निकेलच्या उत्प्रेरकावरून नेतात, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. असा एक टन अमोनिया तयार होताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. कोळशापासून बनवताना तो तीन टनांच्या पुढे जातो, आणि चीनमधील अमोनियाचा मोठा भाग कोळशाचाच आहे. जगात वर्षाकाठी सुमारे १८ ते १९ कोटी टन अमोनिया तयार होतो, त्यातला सुमारे ७० टक्के खतांना लागतो आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार या उत्पादनातून थेट बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दरवर्षी ४५ कोटी टनांच्या आसपास आहे. हा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली पुरला, तर त्या अमोनियाला ‘निळा’ म्हणण्याची पद्धत आहे. वायूच्या साठ्यांची आणि पुरण्याजोग्या भूस्तरांची सोय असलेल्या देशांना तो परवडू शकतो, भारतासारख्या वायू आयात करणाऱ्या देशाला त्याचे आकर्षण कमी आहे.

शंभर वर्षांची वाट पुन्हा उघडण्याचे श्रेय पर्यावरणाच्या काळजीइतकेच भावाच्या धक्क्यालाही द्यावे लागेल. २०२१च्या उत्तरार्धात आणि रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर २०२२मध्ये युरोपातील वायूचे दर इतके चढले की अनेक खत कारखान्यांनी उत्पादन कमी केले किंवा थांबवले, अमोनियाचे आंतरराष्ट्रीय दर टनाला हजार डॉलरच्या वर गेले आणि भारतात २०२२-२३ या वर्षाचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात पोचले. भारतात लागणारा बहुतेक युरिया देशातच बनतो हे खरे, पण तो ज्या वायूपासून बनतो त्याचा बहुतांश भाग द्रवरूपात जहाजाने येतो. सूर्य आणि वारा आयात करावे लागत नाहीत, हा मुद्दा त्या वर्षी अर्थखात्यालाही पटला असावा.

नॉर्स्क हायड्रोचा खत विभाग २००४मध्ये वेगळा होऊन यारा या नावाची कंपनी झाली, आणि याच कंपनीने नॉर्वेतील हेरोया येथे १० जून २०२४ रोजी २४ मेगावॉटचे विद्युत अपघटन संयंत्र रीतसर सुरू केले. त्याचे स्वरूप जवळून पाहण्याजोगे आहे. वेमोर्कच्या जुन्या संयंत्रात क्षारयुक्त पाण्याच्या मोठमोठ्या कुंडांतून वीज जाई. येथे दोन विद्युताग्रांमध्ये केवळ प्रोटॉन पलीकडे जाऊ देणारा पातळ प्लास्टिकसदृश पडदा असतो, अत्यंत शुद्ध केलेले पाणी त्याच्या एका बाजूने वाहते, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन गोळा होतो आणि असे शेकडो थर एकावर एक दाबून रचलेले असतात. या पद्धतीचा फायदा असा की वीज कमी-जास्त झाली तर संयंत्र चटकन जुळवून घेते. तोटा असा की विद्युताग्रांवर इरिडियमसारखे दुर्मीळ धातू लागतात. संयंत्राची क्षमता वर्षाला २०,५०० टनांपर्यंत हरित अमोनियाची सांगितली जाते, आणि टनाला १० हजार युनिट धरून २४ मेगावॉट वर्षभर अखंड चालवले तर हिशेब जवळपास तेवढाच येतो. अखंड चालवले तर, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. या संयंत्रामुळे वर्षाला ४१ हजार टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, पण हेरोयाच्या अमोनिया कारखान्याचे एकूण उत्सर्जन सुमारे आठ लाख टन असल्याने ही बचत वीस भागांतला एक भाग ठरते. वायूपासूनचा आणि विजेपासूनचा हायड्रोजन एकाच नळीत मिसळतात, आणि हरित हायड्रोजनचा हिस्सा कागदावर मोजून तेवढे खत कमी-कार्बन खत म्हणून विकले जाते. स्वीडनच्या लान्टमेनेन या शेतकरी सहकारी संस्थेने असे खत घेण्याचा करार केला. पाव किंवा पिठाच्या किमतीत खताचा वाटा लहान असल्याने जास्तीचा खर्च ग्राहकापर्यंत वाटून देता येतो, हे त्यामागचे गणित आहे.

नॉर्वेला रात्रंदिवस वाहणारे पाणी आहे. भारताकडे मुख्यतः ऊन आहे, आणि ऊन दिवसातून काही तासच काम करते. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प महाराष्ट्रात वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट वीज देतो, म्हणजे वर्षातील एकूण तासांपैकी पाचव्या भागाहूनही कमी तास तो पूर्ण क्षमतेने चालल्यासारखे होते. पडद्याचे संयंत्र ढगाबरोबर थांबू-चालू शकते, पण हाबर-बॉशचा भाग, शे-दोनशे वातावरणांचा दाब आणि चारशे अंशांचे तापमान सांभाळणारा, रोज संध्याकाळी बंद करून सकाळी पेटवण्यासाठी बनलेला नाही. अशी तापण्या-निवण्याची ओढाताण उत्प्रेरकालाही आणि पोलादालाही मानवत नाही. मग सौरबरोबर पवनवीज जोडणे, हायड्रोजन टाक्यांत साठवून रात्री वापरणे, दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारे उदंचन प्रकल्प (सह्याद्रीत घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८पासून आहे) हे उपाय योजावे लागतात आणि प्रत्येक उपाय टनामागे खर्च वाढवतो. सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे रात्री ग्रीडमधून वीज घेणे. भारतीय ग्रीडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दहा हजार युनिटांचा हिशेब केला तर टनभर अमोनियामागे सात टन, म्हणजे वायूच्या मार्गाच्या तिपटीहून अधिक. कोळशाच्या विजेवर बनवलेला ‘स्वच्छ’ हायड्रोजन हा सर्वांत मळका हायड्रोजन असतो. म्हणूनच भारत सरकारने ऑगस्ट २०२३मध्ये जाहीर केलेल्या व्याख्येत हरित हायड्रोजनला किलोमागे जास्तीत जास्त २ किलो कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आहे, मात्र ती बारा महिन्यांच्या सरासरीवर मोजली जाते. सरासरी ही सोयीची गोष्ट असते. तासागणिक हिशेब मागितला तर खर्च वाढेल आणि न मागितला तर काळोखातील वीज उन्हाच्या नावावर खपेल, हा पेच युरोपातही सुटलेला नाही.

४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचे लक्ष्य ठरले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रानेही आपले हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. धोरणापेक्षा अधिक बोलके ठरले ते २०२५मधील लिलाव. भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने वर्षाला एकूण ७.२४ लाख टन हरित अमोनिया १३ खत कारखान्यांना दहा वर्षे पुरवण्यासाठी निविदा काढल्या. ओडिशातील पारादीप फॉस्फेट्ससाठीच्या पहिल्या लिलावात किलोला ५५ रुपये ७५ पैसे हा दर लागला आणि पुढच्या काही लिलावांत तो ५० रुपयांच्या आसपास आला. वर सरकार पहिल्या तीन वर्षांसाठी किलोमागे काही रुपयांचे उतरते प्रोत्साहन देणार आहे. टनाला दहा हजार युनिट हा आकडा ध्यानात घेतला, तर पन्नास हजार रुपये टनात वीज, यंत्रे, व्याज आणि नफा सगळे बसवायचे म्हणजे वीज युनिटला तीन रुपयांच्या आतबाहेरच मिळाली पाहिजे हे उघड आहे. कंपन्यांनी हे धाडस कागदावर केले आहे. जमिनीवर संयंत्रे उभी राहिल्यावर त्यातले किती टिकते ते दिसेल. तरीही आयातीचे दर चढलेल्या वर्षात पन्नास रुपये किलो हा आवाक्यातला दर ठरतो, ही दहा वर्षांपूर्वी कोणी गंभीरपणे मांडली नसती अशी गोष्ट आहे.

या निविदांमध्ये अमोनिया जातो तो मुख्यतः डीएपी आणि संयुक्त खतांकडे, आणि त्यामागे रसायनशास्त्राचे कारण आहे. युरियाच्या रेणूत कार्बनचा एक अणू असतो. अमोनियाचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळून युरिया तयार होतो, आणि एक टन युरियाला सुमारे ५७० किलो अमोनियाबरोबर ७३० किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. वायूच्या कारखान्यात हा कार्बन डायऑक्साइड आपसूक मिळतो, त्यामुळे अमोनिया आणि युरिया हे एकाच छपराखाली सुखाने नांदतात. हायड्रोजन पाण्यातून घेतला की हा आयता साठा बंद होतो. जो देश नत्राचा बहुतांश पुरवठा युरियातूनच करतो आणि वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून अधिक युरिया वापरतो, त्याच्यासाठी हरित अमोनियाची ही सर्वांत मोठी अडचण आहे, आणि उत्साही भाषणांत ती बहुधा गाळली जाते.

महाराष्ट्रात या अडचणीवर एक उत्तर अधूनमधून सुचवले जाते, ते तपासून पाहण्यासारखे आहे. साखर कारखान्यांच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, मळी किंवा रस आंबताना निघणारा वायू जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असल्याने त्याचा वातावरणावर नवा बोजा पडत नाही. एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दिवसाला एक लाख लिटर इथेनॉल काढणाऱ्या आसवनीतून ७५ टन कार्बन डायऑक्साइड मिळेल आणि त्यातून शंभर टन युरिया होईल. भारतात अलीकडे उभारलेल्या नव्या युरिया कारखान्यांची क्षमता दिवसाला ३,८५० टन आहे. तेव्हा अशा एका कारखान्याला कार्बन डायऑक्साइड पुरवायला सदतीस-अडतीस मोठ्या आसवन्या लागतील, त्याही वर्षभर चालणाऱ्या, आणि वायू गोळा करून, दाबून टँकरने पोचवायचा खर्च वेगळा. शंभर टनांचे छोटे युरिया कारखाने गावोगाव उभारणे कागदावर आकर्षक दिसते, परंतु उच्च दाबाची रसायननिर्मिती लहान मापात महागच पडते. एखाद-दुसरा प्रायोगिक प्रकल्प उसाच्या पट्ट्यात जरूर व्हावा. राज्याची युरियाची गरज त्यातून भागेल ही अपेक्षा मात्र भाबडी आहे.

युरियाऐवजी कार्बन नसलेले नत्रखत वापरणे ही दुसरी वाट. युरोपात शेतकरी मुख्यतः नायट्रेट खते वापरतात, म्हणून हेरोयासारखे प्रकल्प तेथे सहज बसतात. भारतात अमोनियम नायट्रेट हा स्फोटकांचा कच्चा माल असल्याने २०१२च्या नियमांनी तो कडक नियंत्रणाखाली आहे, आणि ते योग्यही आहे. पण तुर्भ्याची सुफला किंवा तळोज्यात बनणारे २४:२४:० यांसारख्या नायट्रो-फॉस्फेट खतांना युरियाची गरज लागत नाही, डीएपी आणि अमोनियम सल्फेट यांनाही नाही. हरित अमोनियाचे पहिले गिऱ्हाईक हेच, आणि पारादीपपासून सुरुवात झाली ती याच कारणाने.

एक मोठा भाग अजून उरतो, तो कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा आहे. महाराष्ट्रात आडसाली उसासाठी नत्राची शिफारस हेक्टरी ४०० किलो, म्हणजे एकरी १६० किलो आहे. हे सगळे नत्र युरियातून दिले तर एकरी सुमारे ३४८ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ आठ गोण्या लागतात. त्यामागे १९५ किलो अमोनिया आहे. तो विजेवर बनवायचा तर सुमारे १,९५० युनिट लागतील, आणि एक मेगावॉटचा, चार-पाच एकर जागा घेणारा सौर प्रकल्प वर्षाला साधारण ८०० एकर आडसाली उसाचे नत्र पुरवू शकेल. वायूवर बनवलेल्या तेवढ्याच अमोनियामागे सुमारे ३९० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला २५५ किलो युरियात बांधला जातो आणि युरिया जमिनीत विरघळताच पुन्हा हवेत जातो. आता शेतात काय होते ते पाहावे. जमिनीतील जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात, आणि पाणी साचून हवा कमी झाली की दुसरे जिवाणू त्या नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड हा वायू सोडतात. शंभर वर्षांच्या मापाने या वायूची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या सर्वसाधारण मापानुसार दिलेल्या नत्रातील एक टक्का असा निसटतो असे धरले, तर आडसालीच्या त्या एकरातून सुमारे अडीच किलो नायट्रस ऑक्साइड निघेल, आणि त्याचा परिणाम ६८५ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा होईल. म्हणजे अमोनिया पूर्णपणे उन्हावर बनवला तरी एकराच्या हिशेबातील मोठा आकडा जागचा हलत नाही, कारण जिवाणूंना गोणीतले नत्र कोणत्या विजेवर बनले याच्याशी काही देणेघेणे नसते.

तो आकडा हलवण्याचे उपाय जुने आणि स्वस्त आहेत. कृषी विद्यापीठाने शिफारस केल्याप्रमाणे आडसालीला नत्र लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असे चार वेळा विभागून द्यायचे. सरीत युरिया विस्कटून वरून पाणी सोडण्याऐवजी वाफशावर पहारीने बुडख्याजवळ भोके पाडून त्यात खत टाकून ते बुजवायचे. ठिबक असेल तर थोडे थोडे पाण्यातून सोडायचे. फेरपालटात ताग किंवा धैंचा गाडायचा. विस्कटलेल्या युरियातून अमोनिया हवेत उडून जातो, विशेषतः चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, आणि साचलेल्या पाण्यात नायट्रेट खाली झिरपते. पहारीच्या भोकातले खत यांपैकी बरेचसे टाळते. २०१५पासून सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊन विकला जातो तोही नत्र सावकाश सुटावे म्हणून. यातल्या प्रत्येक उपायाने वाचलेला एक किलो नत्र कारखान्यातले उत्सर्जनही वाचवतो आणि शेतातलेही. हरित अमोनिया फक्त पहिले वाचवतो. सरकारी पैसा मर्यादित असताना विद्युत अपघटन संयंत्रांना जेवढे मोठे प्रोत्साहन मिळते, त्याच्या काही अंशाने तरी माती परीक्षण, ठिबक आणि खत पेरणीच्या अवजारांना मिळायला हवे.

त्या दिशेने सर्वांत मोठा अडसर भावाचा आहे. १ एप्रिल २०१० रोजी पोषणमूल्यावर आधारित अनुदान योजना सुरू झाली तेव्हा स्फुरद आणि पालाशयुक्त खतांचे दर काहीसे मोकळे झाले, युरिया मात्र सरकारी भावाच्या कप्प्यातच राहिला, आणि स्वस्त असल्यामुळे तो गरजेपेक्षा सढळ हाताने पडत राहिला. ४५ किलोच्या गोणीची किंमत, निंबोळी लेपाचा खर्च आणि कर वगळता, २०१८पासून २४२ रुपये आहे. वायूचा भाव दुप्पट झाला तेव्हाही ती हलली नाही, आणि उद्या त्या गोणीतला अमोनिया उन्हावर बनला तरी जास्तीचा खर्च शेतकऱ्याच्या पावतीवर दिसणार नाही. तो केंद्रीय अर्थसंकल्पातील खत अनुदानाच्या रकान्यात दिसेल.